तीन बाइट आणि एक ‘म’: संगणकातील बिट हाताने वाचायला शिका

संगणकाच्या एखाद्या फाइलमध्ये ओळीने तीन आकडे ठेवले आहेत: २२४, १६४, १७४. ते काय आहेत?

मजकूर म्हणून वाचले तर ते ‘म’ हे अक्षर आहे. रंग म्हणून वाचले तर फिका गुलाबी ठिपका. एकच मोठी संख्या म्हणून डावीकडून वाचले तर १,४७,२२,२२२ आणि उजवीकडून वाचले तर १,१४,४५,४७२. चारही उत्तरे बरोबर आहेत. फाइलमध्ये ‘मी अक्षर आहे’ किंवा ‘मी रंग आहे’ असे त्या बिटांवर कुठेही लिहिलेले नसते. लिहिणाऱ्याने जो संकेत वापरला तोच वाचणाऱ्याने वापरला, तर माहिती पोहोचते. मराठी मजकुराचा कचरा होणे, चित्राचे रंग बदलणे, बेरजेत पैशाचा फरक राहणे या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा न जुळलेला संकेत असतो. मशीन बिघडलेले नसते. म्हणून हे तीन आकडे हाताशी ठेवा, शेवटपर्यंत लागतील. कागद, पेन्सिल आणि विंडोजमधले नोटपॅड व पेंट एवढे सामान पुरेल.

पायरी १: जुन्या नाण्यांनी मोजा

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होत. त्या काळची नाणी पैशांत मांडून पाहा: अधेली ३२, पावली १६, चवली ८, आणा ४, ढब्बू पैसा २, पैसा १. प्रत्येक नाणे पुढच्याच्या दुप्पट. संगणकाची द्विमान पद्धत याच चढणीची आहे, म्हणून ती शिकायला ही नाणी फार सोयीची.

नियम एकच: प्रत्येक नाणे फार तर एकदा द्यायचे. दिले तर १ लिहा, नाही दिले तर ०. आता ४१ पैसे द्या.

अधेली (३२) बसते: १, उरले ९. पावली (१६) बसत नाही: ०. चवली (८) बसते: १, उरला १. आणा नाही: ०. ढब्बू नाही: ०. पैसा आहे: १. वरून खाली लिहिले की १०१००१.

उलट यायचे असेल तर जिथे १ आहे तिथली नाणी मिळवा: ३२ + ८ + १ = ४१. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे न दिलेल्या नाण्याचे शून्य गाळणे. वरच्या उत्तरातले एक शून्य गळाले तर १०१०१ उरते आणि त्याची किंमत २१ होते. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असे मनात धरले की हे घडते. इथे शून्य जागा धरून बसलेले असते.

असा एकेक ० किंवा १ म्हणजे बिट. हा शब्द छापात रूढ झाला तो अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधातून, आणि त्याचे श्रेय शॅनन यांनी गणितज्ञ जॉन टुकी यांना दिले.

दोनच अवस्था का? कारण तारेतला विजेचा दाब कधीच अचूक राहत नाही. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या मंडलात ०.८ व्होल्टच्या खाली ० आणि २ व्होल्टच्या वर १ धरतात. मधला पट्टा मोकळा सोडलेला असतो. दाब थोडा हलला तरी उत्तर बदलू नये, यासाठी ही ऐसपैस जागा. दहा आकड्यांसाठी त्याच ३.३ व्होल्टचे दहा बारीक कप्पे केले असते, तर जरा गोंगाट झाला की सातचा आठ झाला असता.

पायरी २: बाइट आणि सोळाची पद्धत

सहा नाण्यांच्या वर ६४ आणि १२८ ही आणखी दोन जोडा. आठ बिट झाले, म्हणजे एक बाइट. सगळी नाणी दिली तर २५५, एकही नाही दिले तर ०. एकूण २५६ मांडण्या. आपले तीन आकडे आता स्वतः मांडून पाहा:

२२४ = १२८ + ६४ + ३२ → १११०००००
१६४ = १२८ + ३२ + ४ → १०१००१००
१७४ = १२८ + ३२ + ८ + ४ + २ → १०१०१११०

एवढी लांब ओळ वाचताना डोळा चुकतो. म्हणून बाइटचे चार-चार बिटांचे दोन तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला एकच खूण देतात. ० ते ९ ला नेहमीचे अंक. १० ते १५ ला ए, बी, सी, डी, ई, एफ ही रोमन अक्षरे. १११० म्हणजे १४, म्हणजे ई. त्यामुळे आपले तीन बाइट होतात: ई०, ए४, एई. शेवटच्या ‘एई’ मध्ये दोन खुणा आहेत, ए आणि ई. हेक्स एडिटर नावाचे प्रोग्राम फाइल याच रूपात दाखवतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ आणि मॅक व लिनक्सवर ‘एक्सएक्सडी’ ही आज्ञा (दोन्ही रोमन लिपीत टाइप करायच्या) तेच काम करते.

पायरी ३: उणे संख्या, आणि भांडे भरले की काय होते

बिटांमध्ये उणे चिन्हाला वेगळी जागा नसते. उणे ५ असे मांडतात: आधी ५ लिहा, ०००००१०१. प्रत्येक बिट उलटा करा, १११११०१०. त्यात १ मिळवा, १११११०११. पडताळा घ्यायचा तर यात पुन्हा ५ मिळवा. हातचा डावीकडे सरकत सरकत नवव्या घरात जातो, नववे घर नाहीच, म्हणून तो गळतो आणि उरते ००००००००. पाच आणि उणे पाचची बेरीज शून्य आली. बेरजेच्या यंत्रणेला उणे संख्यांसाठी वेगळे काही शिकवावे लागत नाही, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य.

पण हीच मांडणी बिनचिन्हाची समजून वाचली तर २५१ दिसते. ‘शिल्लक –५’ च्या जागी ‘शिल्लक २५१’ आली, तर आधी हे तपासा.

चिन्हासह एका बाइटमध्ये –१२८ ते १२७ मावतात. १२७ मध्ये १ मिळवला की –१२८ येतो. चार बाइटमध्ये मर्यादा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ची. बऱ्याच जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासून झालेले सेकंद याच चार बाइटमध्ये मोजतात. ते भांडे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला त्या प्रणालींचे घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. उपाय माहीत आहे: वेळेला आठ बाइट द्यायचे. नवा प्रोग्राम लिहिताना आजच द्या.

पायरी ४: दशांश, आणि हिशेबात न मिळणारा पैसा

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘कन्सोल’ उघडा आणि तिथे इंग्रजी अंकांत ०.१ + ०.२ लिहून एंटर दाबा. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. तीननंतर पंधरा शून्ये आणि मग एक चार.

कारण पुन्हा नाण्यांत आहे. ६४ पैशांच्या रुपयात अर्धा, पाव, दोन आणे नेमके देता येत. पण त्याच रुपयाचे दहा सारखे भाग करायला बसा: प्रत्येकी सहा पैसे दिले की साठ झाले आणि चार पैसे उरले. दुपटी-निमपटीच्या पद्धतीत दहावा भाग नेमका बसतच नाही. ०.१ ला द्विमान पद्धतीत लिहिले तर ०.०००११००११००११… असे ‘००११’ संपतच नाही. संगणक कुठेतरी थांबतो आणि उरलेले टाकून देतो किंवा शेवटचा बिट जवळच्या किमतीला नेतो.

ही चुकीची कणी साठत जाते. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रभेदी यंत्रणेला आलेले स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मारले गेले. तिथे सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांत तोडून ठेवला होता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिली आणि घड्याळात सुमारे ०.३४ सेकंदाची चूक जमली.

म्हणून पैशाचा हिशेब दशांश संख्येत कधीही ठेवू नका. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा: ₹ १२५.५० नव्हे, १२५५० पैसे. रुपये फक्त पडद्यावर दाखवताना करा. डेटाबेसमध्ये ‘डेसिमल’ प्रकार असेल तर तोही चालतो, कारण तो दहाच्या पटीत साठवतो. ‘फ्लोट’ आणि ‘डबल’ हे द्विमान पद्धतीने दशांश साठवणारे प्रकार मोजमापांसाठी ठीक, पतपेढीच्या खातेवहीसाठी नाही.

पायरी ५: अक्षरे

आता मराठी वाचणाऱ्याच्या जिव्हाळ्याचा भाग.

सुरुवातीचा अमेरिकी संकेत, आस्की, १९६३ चा. सात बिट, १२८ खुणा. त्यात रोमन कॅपिटल ए म्हणजे ६५. पाच हा अंक अक्षर म्हणून ५३ आहे, म्हणजे संख्या ५ आणि अक्षर ‘५’ या फाइलमध्ये वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरी ५ तर तिसरीच गोष्ट: २२४, १६५, १७१. बऱ्याच प्रोग्रामना देवनागरी अंक ही नुसती अक्षरे वाटतात, तेव्हा बेरीज-वजाबाकीच्या रकान्यात ते टाकण्याआधी एकदा तपासा.

देवनागरीसाठी भारतात इस्की हा संकेत झाला (भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१). पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने त्यावर बरेच काम केले. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतातला देवनागरी विभागही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून मांडला आहे. युनिकोड प्रत्येक खुणेला एक क्रमांक देतो. देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१, एकूण १२८ जागांचा. ‘म’ चा क्रमांक २३५०.

क्रमांक ठरला, आता तो बाइटमध्ये भरायचा कसा? ते यूटीएफ-८ सांगते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी हे १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवणाच्या टेबलावर, ताटाखालच्या कागदावर मांडले. नियम असा: १२७ पर्यंतचे क्रमांक एका बाइटात, २०४७ पर्यंतचे दोनात, ६५५३५ पर्यंतचे तीनात, त्यापुढचे चारात. देवनागरी २३०४ ला सुरू होते, दोन बाइटांची हद्द जेमतेम ओलांडून, म्हणून आपले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे.

हाताने भरू:

१. २३५० ला सोळा बिटांत लिहा: ०००० १००१ ००१० १११० (२०४८ + २५६ + ३२ + ८ + ४ + २).
२. डावीकडून चार, सहा, सहा असे तोडा: ०००० | १००१०० | १०१११०.
३. तीन बाइटांचे साचे घ्या: १११०…., १०……, १०……
४. तुकडे साच्यांत ओता: १११०००००, १०१००१००, १०१०१११०.
५. नाणी मोजा: २२४, १६४, १७४.

पहिल्या ओळीतले तीन आकडे हेच. साचा नीट पाहा. पहिला बाइट ‘१११०’ ने सुरू होतो, म्हणजे ‘माझ्यासह तीन’. पुढचे दोन ‘१०’ ने, म्हणजे ‘आम्ही मागचे डबे’. फाइलमध्ये कुठेही मधोमध उतरलात तरी फार तर दोन पावले मागे जाऊन अक्षराची सुरुवात सापडते.

तोडणी चुकली की उत्तर चुकते. हमखास चूक म्हणजे सोळा बिट पूर्ण न करता, सुरुवातीची शून्ये गाळून तोडणे. उजवीकडून सहा-सहा मोजत या, मग चूक होणार नाही.

नोटपॅडमध्ये तपासा

नोटपॅड उघडा, ‘मराठी’ एवढेच लिहा, एंटर दाबू नका. ‘सेव्ह ॲज’ मध्ये खाली ‘एन्कोडिंग’ ची यादी आहे. एकच मजकूर चार नावांनी, चार एन्कोडिंगमध्ये साठवा. मग प्रत्येक फाइलवर उजवे बटण, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘साइज’ वाचा.

यूटीएफ-८: १५ बाइट. यूटीएफ-८ विथ बीओएम: १८. यूटीएफ-१६ एलई: १२. अन्सी: ५.

‘मराठी’ मध्ये म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. पाच त्रिक पंधरा. बीओएम म्हणजे फाइलच्या तोंडाशी लावलेली खूण, २३९, १८७, १९१, म्हणून तीन वाढले. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक चिन्हाला दोन आणि सुरुवातीच्या खुणेला दोन. अन्सी हा विंडोजचा जुना संकेत; त्यात साठवताना नोटपॅड धोक्याची सूचना देते, ती वाचा: देवनागरीला तिथे जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहिले जाते. ही पाच प्रश्नचिन्हे परत मराठी कधीच होणार नाहीत. मूळ माहिती पुसली गेली.

आकडे जुळले नाहीत तर: २ (यूटीएफ-१६ मध्ये ४) जास्त आले असतील तर चुकून एंटर दाबले गेले (विंडोज त्याला १३ आणि १० असे दोन बाइट लिहिते). सगळीकडे ४०९६ किंवा ० दिसत असेल तर तुम्ही ‘साइज ऑन डिस्क’ वाचत आहात; डिस्कवर जागा ठरावीक ठोकळ्यांत मिळते, आणि अगदी लहान फाइलला वेगळा ठोकळा लागतोच असे नाही. फोल्डरच्या यादीतला ‘१ केबी’ ही वरच्या पूर्णांकात नेलेली संख्या असते, तिच्यावर विसंबू नका.

कचरा दिसला तर काय ओळखावे

एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) उघडली आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए व चार टोकांचे वर्तुळ अशा जोड्या सलग दिसल्या, तर हायसे वाटू द्या. बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा संकेत लावला आहे. पश्चिम युरोपच्या जुन्या विंडोज संकेतात २२४ म्हणजे तो रेघेचा ए आणि १६४ म्हणजे ते वर्तुळ. मागचा तिसरा बाइट अक्षर सांगतो: ‘म’ ला वर्तुळातला रोमन आर, ‘र’ ला तापमानाच्या अंशाची खूण, कान्याला पाऊण (तीन छेद चार), आणि वेलांटीला येनची खूण व युरो. ‘ठ’ ला मात्र तिसऱ्या जागी नुसती रिकामी जागा दिसते. ती साधी स्पेस नव्हे, १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस आहे. हा कचरा कॉपी करून दुसरीकडे चिकटवताना ती ३२ क्रमांकाची साधी स्पेस झाली, की सगळी अक्षरे परत येतील पण ‘ठ’ कायमचा जाईल. म्हणून कचरा कॉपी करून दुरुस्त करू नका, मूळ फाइल पुन्हा उघडा.

कशी? एक्सेलमध्ये फाइलवर दोनदा टिचकी मारू नका. रिकामी वही उघडा, ‘डेटा’ मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल निवडा, आणि ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) लावा. दुसऱ्याला पाठवायची असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात साठवा. तो सुरुवातीला बीओएम घालतो, आणि ती खूण पाहून एक्सेल ओळखते.

सगळीकडे प्रश्नचिन्हे असतील तर वर सांगितल्याप्रमाणे मजकूर गेलेला आहे; ज्याने पाठवला त्याच्याकडून पुन्हा मागवा. अधूनमधून काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह असेल तर अक्षर मध्येच कापले गेले आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. कानाला चार अक्षरे, पण चिन्हे दहा (ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र), म्हणजे ३० बाइट. ज्या जागेत वीसच बाइट मावतात तिथे ‘ज्ञाने’ चे १८ बाइट बसतात आणि ‘श’ चे दोन तुकडे लोंबकळत राहतात. नावांचे रकाने आखताना मर्यादा बाइटची आहे की चिन्हांची, हे आधी पाहा. ऑरॅकल या डेटाबेसमध्ये ‘व्हारकार२’ या मजकुराच्या प्रकाराची मर्यादा सांगितले नाही तर बाइटमध्ये धरतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘व्हारकार’ ची चिन्हांत. शिवाय मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांचे आहे. मराठी त्यात बसते, इमोजी बसत नाही. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा.

एसएमएसचेही गणित हेच. एका संदेशात १४० बाइट. सात बिटांच्या रोमन खुणा १६० मावतात, पण मजकुरात एक जरी देवनागरी चिन्ह आले की सगळा संदेश सोळा बिटांचा होतो आणि ७० चिन्हांवर येतो. लांब संदेश तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७, कारण जोडणीची माहितीही त्यातच बसवावी लागते.

दिसायला सारखे, बिटांत वेगळे

मराठीला खास छळणाऱ्या दोन जोड्या आहेत. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ ला आले: तीन बाइट. त्याआधीपासून लोक ‘अ’ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत: दोन चिन्हे, सहा बाइट. ‘ॲप’ शोधले तर ‘अॅप’ सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ही दोन सारखी धरलेली नाहीत, तेव्हा शोध घेण्याआधी बदल तुम्हालाच करावा लागतो.

दुसरी जोडी ‘दऱ्या’ मधल्या अर्ध्या र ची. तो ‘ऱ’ ला हलन्त देऊन लिहिता येतो किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि पुढे न दिसणारा सांधा देऊन. कळफलकाप्रमाणे दोन्ही रूपे फिरत असतात. आणि सांधा गाळणाऱ्या प्रोग्रामने तो काढून टाकला, तर ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो: डोंगरातून थेट समुद्रात. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञेत न दिसणारी चिन्हे सरसकट पुसू नका, ती यासाठी.

मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांची मात्र काळजी नको. क्रमांक एकच आहे, आकार फॉन्ट ठरवतो.

जुन्या डीटीपी फाइली

युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांनी वेगळीच वाट धरली होती. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे बाइट, आणि फॉन्टमध्ये त्या जागी काढलेली देवनागरी चित्रे. ओळखायची खूण सोपी: मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा. रोमन अक्षरांची गिचमीड झाली तर फाइल जुन्या वळणाची; मराठीच राहिली तर युनिकोड.

रूपांतर करताना नेमक्या त्याच फॉन्टचे कोष्टक लागते, प्रत्येकाचे वेगळे आहे. पहिली चूक ऱ्हस्व वेलांटीत निघते, कारण जुन्या फॉन्टात ती दिसते तशी अक्षराआधी टाइप होई आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठते. रफाराचे उलटे: पूर्वी अक्षरानंतर, आता आधी. म्हणून पूर्ण पुस्तक फिरवण्याआधी ‘विद्यार्थी’ हा एक शब्द फिरवून पाहा. ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि दीर्घ वेलांटी एकाच शब्दात तपासून होतात. मूळ फाइल आणि मूळ फॉन्ट दोन्ही जपून ठेवा. फॉन्ट हरवला तर ते बाइट वाचायचे कोष्टकच हरवते.

पायरी ६: आवाज, मापे, आणि शेवटी चित्र

आवाजाचे थोडक्यात: ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजतात, प्रत्येक मापाला दोन बाइट, डावी-उजवी दोन वाहिन्या. सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला एक कोटीच्या वर.

मापांत दोन गोंधळ नेहमीचे. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. डिस्क खोटी नाही. आणि इंटरनेटचा वेग बिटांत सांगतात, फाइलचे आकारमान बाइटांत. १०० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट देते. आठाने भागायला विसरू नका.

चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. १९२० × १०८० चे चित्र दाबून न बसवता ठेवले तर ६२,२०,८०० बाइट. पेंटमध्ये १०० × १०० चे चित्र ‘२४-बिट बिटमॅप’ म्हणून साठवा: ३०,०५४ बाइट येतील. १०० × १०० × ३ झाले तीस हजार, वरचे ५४ हे मथळ्याचे, ज्यात लांबी-रुंदी लिहिलेली असते. आता रुंदी १०१ करा. अपेक्षा ३०,३५४ ची, मिळतात ३०,४५४. बिटमॅपमध्ये प्रत्येक ओळ चारच्या पटीत संपवायची असते. ३०३ बाइटांच्या ओळीला एक रिकामा बाइट जोडला, शंभर ओळींना शंभर. बिटमॅप वाचणारा प्रोग्राम स्वतः लिहिताना ही भर विसरली, तर चित्र तिरके कलते. तिरके चित्र दिसले की आधी इथे पाहा.

आता शेवटचा प्रयोग. पेंटच्या ‘इमेज प्रॉपर्टीज’ मध्ये रुंदी १, उंची १ करा. ‘एडिट कलर्स’ मध्ये लाल १७४, हिरवा १६४, निळा २२४ भरा, बादलीने तो एकुलता ठिपका रंगवा आणि २४-बिट बिटमॅप म्हणून साठवा. फाइल ५८ बाइटांची होईल: ५४ मथळा, ३ रंग, १ भर. ती हेक्स एडिटरमध्ये उघडून शेवटचे चार बाइट वाचा. बिटमॅपमध्ये रंग उलट क्रमाने, आधी निळा, मग हिरवा, मग लाल, असे लिहितात. म्हणून तिथे दिसेल ई०, ए४, एई, ००. क्रम उलटा असल्याने हा ठिपका सुरुवातीसारखा गुलाबी नाही, फिका जांभळा आहे, आणि त्याचे पहिले तीन बाइट ‘म’ चे आहेत.